झोप लागली होती, हे सांगायचं कसं?

प्रश्न : ताई, मी सिनेमाची अभ्यासक वगैरे नाही. दिवसभर ऑफिस, रात्री कपड्यांच्या घड्या घालता घालता मालिकेचा एखादा भाग आणि सुट्टीच्या दिवशी एखादा सिनेमा, एवढंच माझं पाहणं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत रोज याच गप्पा असतात. तिघं-चौघं त्यातले जाणकार आहेत. मी काही बोलले की ‘तुला नाही कळत गं त्यातलं’ म्हणतात. म्हणून अलीकडे मी आधी नेटवर टक्के आणि स्टार बघते आणि त्याप्रमाणे बोलते. गेल्या महिन्यात एकाने ‘जान डीलमान’ नावाचा सिनेमा पाहायला सांगितला, जगातला सर्वोत्तम म्हणून. एक बाई घरकाम करते, बटाटे सोलते, तेच आपलं चाललेलं. अर्ध्या तासात मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी ‘फार सुंदर आहे’ म्हणून टाकलं. त्याने विचारलं, ‘शेवट कसा वाटला?’ मी म्हटलं, ‘हळवा.’ सगळे हसत सुटले. त्याच्या आधी एकदा मी म्हणाले होते की आमच्या नव्या टीव्हीवर सगळेच सिनेमे मालिकेसारखे दिसतात, तेव्हाही असेच हसले होते. माझ्यासारखीने मत द्यावं की नुसतं ऐकून घ्यावं? आणि चार भागांनंतर सोडून दिलेल्या मालिकेला वाईट म्हणायचा मला हक्क आहे का?
– एक साधी प्रेक्षक

उत्तर :

तुमच्या पत्रातलं टीव्हीबद्दलचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यावर सगळे हसले याचं मला वाईट वाटलं, कारण तुम्ही अगदी बरोबर बोलला होतात.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या वेगाने चित्रित होतो. टीव्हीच्या मालिका, बातम्या, खेळ हे सगळं वर्षानुवर्षं व्हिडिओवर चित्रित होत आलं, आणि तिथे पडद्यावरची हालचाल सेकंदाला ५० किंवा ६० वेळा टिपली जाते. म्हणून मालिकेतला माणूस खोलीत चालतो तेव्हा तो समोर चालल्यासारखा गुळगुळीत दिसतो आणि सिनेमातल्या चालीत बारीकशी थरथर असते. ती थरथर आपल्या डोळ्यांना इतकी सवयीची झाली आहे की ‘सिनेमासारखं दिसतं’ असं आपण म्हणतो त्यात तिचा मोठा वाटा असतो. नवे टीव्ही काय करतात, तर सिनेमाच्या दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतःच बनवतात आणि मध्ये घालतात. मैदानावरच्या चेंडूमागे नजर पळवायची असेल तेव्हा याचा उपयोग होतो. सिनेमाचा मात्र त्याने पोतच बदलतो. कोट्यवधी खर्चून उभा केलेला राजवाडा स्टुडिओतल्या सेटसारखा दिसायला लागतो. या प्रकाराला जगभर ‘सोप ऑपेरा इफेक्ट’ म्हणतात. सोप ऑपेरा म्हणजे रोजची मालिका. म्हणजे शब्दशः तुम्ही म्हणालात तेच! डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी खास व्हिडिओ काढून लोकांना विनंती केली होती की घरच्या टीव्हीवरची ही सोय सिनेमा पाहताना बंद करा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. कंपनीप्रमाणे नाव वेगळं असतं. कुठे ‘ट्रूमोशन’, कुठे ‘मोशनफ्लो’, कुठे ‘ऑटो मोशन प्लस’. ते बंद करा, किंवा ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा. काही जणांना पहिली दहा मिनिटं चित्र अडखळल्यासारखं वाटतं, मग नजर बसते.

एवढं लांबण मी मुद्दाम लावलं. हे वाक्य बोलताना तुमच्याकडे पारिभाषिक शब्द नव्हता आणि कारणही ठाऊक नव्हतं. डोळ्यांना जे दिसलं ते तुम्ही सांगितलंत. साध्या प्रेक्षकाच्या मताला एवढा आधार पुरतो. उलट ‘फार सुंदर आहे’ हे वाक्य तुम्ही उसनं आणलंत. पहिल्या वाक्याला हसले तेव्हा हसणारे चुकले होते. दुसऱ्याच्या वेळी मात्र तुमची बाजू लंगडी होती, कारण तुमच्याकडे त्या सिनेमातला एकही क्षण नव्हता.

त्या टक्क्यांबद्दल आधी बोलू, कारण मला वाटतं खरा घोळ तिथूनच सुरू झाला. ‘रॉटन टोमॅटोज’ ही साइट १९९८ पासून आहे आणि तिच्या टक्क्यांचा अर्थ बहुतेक लोक चुकीचा लावतात. ९५ टक्के म्हणजे परीक्षेतले ९५ गुण नव्हेत. १०० समीक्षणांपैकी ९५ अनुकूल होती, एवढंच ते सांगतं. आता समजा, एक सिनेमा सगळ्यांनाच ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ इतपत वाटला. प्रत्येकाचं मत अनुकूल धरलं जाईल आणि आकडा शंभराच्या घरात जाईल. दुसऱ्या सिनेमावर निम्म्या समीक्षकांनी जीव ओवाळून टाकला आणि निम्मे मध्येच उठून गेले, तर त्याला ५० मिळतील आणि साइटच्या नियमाने तो ‘सडका’ ठरेल, कारण ‘ताजा’ ठरायला ६० लागतात. आयुष्यभर लक्षात राहील असा सिनेमा या दोघांपैकी कोणता असेल, हे त्या आकड्यावरून कधीच कळणार नाही. एखादा सिनेमा बघायचा की नाही हे ठरवायला आकडा जरूर बघा. पण बघून झाल्यावर काय बोलायचं ते त्याला विचारू नका. तुम्ही सोफ्यावर बसून काय अनुभवलंत, ते त्या साइटला कुठून ठाऊक असणार?

‘जगातला सर्वोत्तम’ याचंही तसंच. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं, त्यावरून तुमच्या सहकाऱ्याने ते म्हटलं असणार. पहिल्या वर्षी ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला आला. १९४१ चा ‘सिटिझन केन’ तेव्हा पहिल्या दहातही नव्हता. मग १९६२ पासून २००२ पर्यंत पाच वेळा तोच पहिला. २०१२ मध्ये दिग्दर्शक हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ पहिला आला. १९५८ मध्ये तो आला तेव्हा समीक्षकांनी त्याचं फार कौतुक केलं नव्हतं. आणि २०२२ मध्ये सोळाशेहून जास्त जणांनी मतं दिली तेव्हा पहिला आला दिग्दर्शिका शांताल आकरमानचा ‘जान डीलमान’, जो दहा वर्षांपूर्वी पहिल्या तिसांतही नव्हता. सिनेमे तेच होते. बघणारी माणसं बदलली, मत द्यायला कोणाकोणाला बोलवायचं ते बदललं आणि यादी बदलली. जाणकारांचं मत एवढं हलत असेल, तर तुमचं मत त्यांच्याशी जुळलं नाही म्हणून तुम्ही कुठे कमी पडलात असं मला वाटत नाही. पण एवढ्या लोकांना त्यात काहीतरी दिसलं, ते काय असेल, याचं कुतूहल मात्र असू द्या. यादीचा तेवढा उपयोग मी मानते.

तुम्हाला झोप का लागली, याचा मी विचार केला. सिनेमा ३ तास २१ मिनिटांचा आहे, कॅमेरा एकदाही हलत नाही, बोलणं अगदी थोडं. आणि तुमची रोजची पाहण्याची पद्धत आहे घड्या घालत पाहण्याची. त्यात गैर काही नाही. मालिका नावाचा प्रकार घडलाच तसा. १९३० च्या दशकात अमेरिकेत साबणाच्या कंपन्यांनी पैसे घालून रेडिओवर रोजच्या कथा सुरू केल्या, त्यावरूनच ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडलं. ऐकणाऱ्या बहुतेक बायका हातात काम घेऊन ऐकत. म्हणून पात्रं एकमेकांना सारखी नावाने हाका मारतात, कालची भानगड आज पुन्हा बोलून दाखवतात, आणि पाठ असली तरी तुम्हाला गोष्ट कळत राहते. मालिका कानांनीही पाहता येते. ‘जान डीलमान’ कानांनी पाहायला गेलं तर त्यात फक्त भांड्यांचा आवाज आहे.

आता डोळ्यांनी पाहायचं म्हणजे काय, ते सांगते. शेवट मी फोडणार नाही, तो हळवा मात्र मुळीच नाही. एका विधवा बाईचे तीन दिवस आहेत. मुलगा आहे, घर आहे, दुपारी ठरल्या वेळी घरी येणारे पुरुष आहेत, आणि तेही तिने बाकीच्या कामांसारखंच वेळापत्रकात बसवलेलं आहे. पहिल्या दिवशी सगळं घड्याळासारखं होतं. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद. पैसे टेबलावरच्या सूपच्या भांड्यात, वर झाकण. बटाटे बरोबर वेळेवर शिजलेले. दुसऱ्या दिवशी तेच सगळं पुन्हा, पण दुपारनंतर तिचे केस विस्कटलेले आहेत. त्या भांड्यावर झाकण ठेवायचं राहतं. आणि बटाटे जास्त शिजतात. एवढंच. बटाटे जास्त शिजले. पातेलं हातात घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जाते, परत येते, याचं आता करायचं काय हे तिला सुचत नाही. डेल्फीन सेरिग ही अभिनेत्री चेहऱ्यावर काहीही आणत नाही, आणि तरी माझ्या पोटात खड्डा पडला होता. कोणी ओरडलं नाही, संगीत वाजलं नाही. पहिला दिवस तुम्ही डोळ्यांनी पाहिला असेल तरच दुसऱ्या दिवशीचं ते पातेलं दिसतं.

आणि मला खरंच वाटतं, हा सिनेमा समजायला तुमच्या टेबलावरच्या जाणकारांपेक्षा तुम्ही जवळच्या आहात. ज्या बाईने दिवसभर ऑफिस करून रात्री कपड्यांच्या घड्या घातल्या आहेत, तिला एक काम निसटलं की पुढची पाच कशी घसरत जातात हे कोणी समजावायला नको. पंचविशीच्या आसपासच्या एका तरुण मुलीने १९७५ मध्ये हा सिनेमा केला, आणि ज्या कामांकडे सिनेमा ढुंकून बघत नसे ती तिने पूर्ण वेळ देऊन दाखवली. तुम्हाला तो कंटाळवाणा वाटू शकतो. दुसऱ्यांदा पाहूनही वाटू शकतो. मग तसं म्हणा. पण जागं राहून म्हणा, म्हणजे कुठे कंटाळा आला ते सांगता येईल.

तर मत द्यावं का? द्याच. फक्त ते देताना निकाल देणाऱ्याच्या खुर्चीवर बसू नका, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहा. ‘मालिका भिकार आहे’ हा निकाल झाला. त्यावर समोरचा ‘तुला कळत नाही’ म्हणू शकतो, कारण आता प्रश्न कोण जास्त जाणतं याचा झाला. त्याऐवजी असं म्हणून बघा : ‘भावाची बातमी कळते तेव्हा तिचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा माझं लक्ष तिच्या कानातल्याकडे गेलं.’ यावर ‘तुला कळत नाही’ म्हणता येत नाही. फार तर समोरचा म्हणेल, मला तिन्ही वेळा गलबलून आलं. मग खऱ्या गप्पा सुरू होतात.

असं सांगायची सवय लागली की आणखी एक गोष्ट होते. दोष कोणाचा, हे दिसायला लागतं. कानातल्याकडे लक्ष गेलं यात त्या अभिनेत्रीची काय चूक? तीनदा दाखवायचं हे तिने ठरवलेलं नाही. १९२० च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्हने केलेला प्रयोग सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितला जातो. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा तीन ठिकाणी जोडला : सुपाच्या वाडग्यानंतर, शवपेटीतल्या मुलीनंतर, आणि कोचावर पहुडलेल्या बाईनंतर. प्रेक्षकांनी नटाची वाहवा केली, काय ती भूक, काय ते दुःख, काय ती अभिलाषा! चेहरा तोच होता. संकलनात नुसता शेजार बदलला होता. म्हणून ‘अभिनय उत्तम’, ‘अभिनय टाकाऊ’ ही आपली सगळ्यात लाडकी मतं मी स्वतः आता जरा थांबून देते. आधी बघते की त्या चेहऱ्याच्या आगेमागे काय ठेवलं होतं.

लोकप्रिय मालिका आवडतात म्हणून ओशाळू नका. पत्रात तुम्ही ते स्पष्ट लिहिलं नाहीत, पण मला जाणवलं. हिचकॉकला त्याच्या उमेदीच्या काळात बरेच जण नुसता करमणूक करणारा समजत. ‘शोले’ १९७५ मध्ये लागला तेव्हा सुरुवातीला त्याच्याबद्दल बरं लिहून आलं नव्हतं, आणि पुढे तो पाच वर्षं चालला. गर्दी नेहमीच बरोबर असते असं मी म्हणत नाही. पुष्कळ लोकप्रिय मालिका मला आळशी वाटतात. वीस मिनिटांत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बातमी पोहोचत नाही, याचा मला राग येतो. पण तुम्हाला त्यातली एखादी आवडत असेल तर का, ते शोधा. दोघी बहिणी खरोखरच्या बहिणींसारख्या एकमेकींचं बोलणं मध्येच तोडतात म्हणून? मग तेच कारण सांगा. ते पुरेसं आहे.

चार भागांनंतर सोडलेल्या मालिकेचं उत्तर छोटं आहे. ‘मी चार भागांनंतर सोडली’ हे आधी सांगा आणि मग हवं ते म्हणा. सोडली, हीच मोठी माहिती आहे. न पाहिलेल्या भागांबद्दल तेवढं बोलू नका. १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे १३ भाग एकदम सोडले. एकदम येणाऱ्या मालिका अनेकदा एकाच लांबलचक गोष्टीसारख्या लिहिलेल्या असतात आणि सुरुवातीला रेंगाळतात. त्यामुळे ‘पुढे बरी होते’ असं कोणी म्हणालं तर ते खरं असू शकतं. पण तुमचे तास तुमचे आहेत, मालिकेने ते आधीच गृहीत धरू नयेत.

आता त्या ‘हळवा’चं काय करायचं? खरं सांगून टाका. उद्याच्या जेवणाच्या सुट्टीत एवढंच म्हणा : ‘त्या सिनेमात मला अर्ध्या तासात झोप लागली होती. शेवट पाहिलाच नव्हता. उगाच म्हणाले.’ एकदाच म्हणा, माफी मागत बसू नका. जाहीरपणे मत फिरवणं वाटतं तेवढं अवघड नसतं. १९६७ मध्ये ‘न्यूजवीक’चे समीक्षक जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनी ‘बॉनी अँड क्लाइड’ची कठोर शब्दांत वासलात लावली. मग ते प्रेक्षकांत बसून पुन्हा पाहून आले आणि पुढच्याच आठवड्यात, त्याच साप्ताहिकात, आपलं आधीचं समीक्षण अन्यायकारक होतं असं लिहून नवं समीक्षण दिलं. ज्यांचं पोटच मतांवर चालतं त्यांनी हे केलं. तुम्हाला तर फक्त चौघांसमोर बोलायचं आहे.

त्या सहकाऱ्याबद्दलही एक सांगते. त्याने तुम्हाला हा सिनेमा पाहायला सांगितला, म्हणजे तो तुम्हाला अगदीच वगळत नाही. हसले ते वाईटच झालं. पुढच्या वेळी कोणी ‘तुला कळत नाही’ म्हणालं तर चिडू नका, गप्पही बसू नका, शांतपणे विचारा : ‘बरं, तुम्हाला कोणता प्रसंग आवडला?’ खरंच विचारा, उत्तर ऐकायच्या तयारीने. ज्याने मन लावून पाहिलं असेल तो खुलेल, आणि तुम्हाला पाहायला एक नवी जागा मिळेल. ज्याच्याकडे प्रसंगच नसेल त्यानेही कदाचित आधी टक्के पाहिले असतील. त्याला हसू नका. तो कुठे अडकला आहे ते तुम्हाला चांगलंच माहीत आहे.

येत्या सुट्टीत टीव्हीचं ते सेटिंग बंद करा, घड्या दुसऱ्या दिवसावर ढकला आणि ‘जान डीलमान’ पुन्हा लावा. रात्री नको, सकाळी. एका बैठकीत जमलं नाही तर पहिल्या दिवसानंतर थांबा, पण बटाट्यांपर्यंत पोहोचाच. मग मला लिहा. पुन्हा झोप लागली तर कितव्या मिनिटाला लागली आणि तेव्हा ती काय करत होती, तेही लिहा.